शांताराम परबांचं इंग्रजी

शांताराम परबांना इंग्रजी येत नाही, असं कंपनीला लिहून देणारा माणूस मी होतो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्याच्यासाठी लिहिलं त्या मेहुण्याला नाही, आणि परबांना तर नाहीच. तो कागद कुठल्या तरी फाइलमध्ये असेल, खाली माझी सही असेल; पण संपलेल्या प्रोजेक्टची फाइल कोण उघडतं? तेव्हा मीच उघडतो.

मला असं लिहायची सवय नाही. वीस वर्षं कतारमध्ये रिपोर्ट लिहिले. रिपोर्टात माणूस येत नाही, मनुष्यबळ येतं. त्यामुळे परब जसे आठवतील तसे सांगतो, मागंपुढं होईल.

मी त्यांना आधी ऐकलं, पाहिलं नंतर. मुऐदरमध्ये व्हिलांच्या मधल्या गल्ल्यांतून ड्रेनेजचे मोठे पाइप टाकायचं काम चालू होतं आणि मी साइट कोऑर्डिनेटर म्हणून तिथं नवीन होतो. पत्र्याच्या केबिनमध्ये कागद लावत बसलो होतो. टेबलावरच्या वॉकीटॉकीतून एक आवाज येत होता.

"राजू, गेट अप. गेट अप स्लो. नाऊ गेट लेफ्ट. लिटल लेफ्ट. बस बस बस. गेट डाउन. राजू, बेबी स्लीपिंग. गेट डाउन बेबी स्लीपिंग."

मी उठून खिडकीशी गेलो. क्रेनला माणूसभर उंचीचा काँक्रीटचा पाइप लटकत होता आणि तो खड्ड्यात अक्षरशः झोपलेलं मूल खाटेवर ठेवावं तसा उतरत होता. खाली एक ठेंगणा माणूस एक हात वर करून उभा. हेल्मेटच्या खाली पांढरा रुमाल. तो रुमाल इतका स्वच्छ होता, की धुळीत तेवढाच दिसत होता. पुढं चार वर्षं तो रुमाल मी रोज पाहिला. मळलेला कधी पाहिला नाही.

हे शांताराम परब. लिफ्टिंग सुपरवायझर. मालवणच्या बाजूच्या एका गावातले. वीस-बावीस वर्षांपूर्वी हेल्पर म्हणून आले तेव्हा 'येस' आणि 'नो' एवढं इंग्रजी होतं; त्यातलं 'नो' वापरायची हिंमत नव्हती, असं ते सांगायचे. घरी बायको, कुडाळला नोकरी करणारा मुलगा, सून आणि एक नात. वय तेव्हा त्रेपन्न. मी कराडकडचा आहे कळल्यावर माझ्याशी त्यांनी हिंदी बंद केलं आणि सरळ मालवणीत बोलायला लागले. मला सुरुवातीला निम्मं कळायचं.

"तुमका समाजणा नाय तर सांगा हां, सायबानू," ते म्हणायचे. "लाजा नको. मी बावीस वर्षां लाजलंय, काय एक मिळाला नाय त्यातसून."

त्यांच्याकडे इंग्रजीचं एकच क्रियापद होतं. जी-ई-टी, गेट. उचल, उतर, आण, जा, समजलं का, दमलास का, जेवलास का, सगळं ते गेटनं भागवायचे. फिलिपिनो फोरमन, बंगाली वेल्डर, क्रेनवर बसलेला नेपाळी राजू, सगळ्यांना ते कळायचं. कॅम्पमध्ये पोरं त्यांना गेटमास्तर म्हणत. एक नवीन आलेला बिहारी मुकादम पंधरा दिवस त्यांना दरवाज्यावरचा वॉचमन समजत होता आणि आपली पिशवी त्यांच्याकडे ठेवून जात होता. परबांनी ती पंधरा दिवस सांभाळली. सोळाव्या दिवशी म्हणाले, "भाई, आज मेरेको क्रेन का काम है, पिशवी तुम गेट."

त्या एका शब्दामागं काय होतं ते मला आंद्रेयसाहेबांमुळे कळलं.

आंद्रेयसाहेब आमचे रेसिडेंट इंजिनिअर, स्लोव्हेनियाचे. तो देश मी नकाशात शोधला होता. उंच, साठीचे, नाक कायम उन्हानं सोललेलं. त्यांचं स्वतःचं इंग्रजी मोठेपणी शिकलेलं, त्यामुळे शब्द शोधत, थांबत बोलायचे. परबांचं वॉकीटॉकीवरचं बोलणं ऐकून सगळे हसत; हे एकटे लक्ष देऊन ऐकत. सुट्टीवरून परत आले तेव्हा त्यांनी परबांना केबिनमध्ये बोलावलं आणि सहा पानांची झेरॉक्स हातात दिली. त्यांच्या तरुणपणच्या शिक्षिकेनं वर्गासाठी बनवलेली पानं. त्यांच्या भाषेत म्हणे प्रत्येक कामाला वेगळं क्रियापद. इंग्रजी मात्र सगळीकडे हे एकच दामटतं. त्यामुळे स्लोव्हेनियाची पोरं रडकुंडीला यायची. म्हणून बाईंनी डावीकडे इंग्रजी वाक्यं लिहिली होती, त्यांच्या समोर त्या त्या अर्थाचं स्लोव्हेनियन. उजवीकडे बरीच जागा मोकळी होती.

"मिस्टर परब," साहेब म्हणाले, "आय सफर्ड विथ धिस वर्ड. यू आर मेकिंग फ्रेंड विथ इट."

परबांनी ती सहा पानं एका जाड वहीत चिकटवली आणि मोकळ्या जागेत तिसरा रकाना आखला. मराठीचा. मराठी म्हणजे मालवणी. 'अंधार पडतोय' या अर्थाच्या इंग्रजी वाक्यासमोर 'काळोख पडता'. 'दार उघडत नाही' याच्यासमोर 'दार काय मेला उघडणा नाय'. वही संपली की पुढं पानं जोडायची. बॉलपेन दोरीनं वहीलाच बांधलेलं, आणि वही शर्टाच्या खिशात मावत नसे म्हणून तिच्यासाठी सेफ्टी जॅकेटला आतून एक खिसा शिवलेला.

मी एकदा म्हटलं, "परब, मधला रकाना कशाला? पोरांना त्याचा काय उपयोग? काढून टाका, जागा होईल."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणाच्या घराची भिंत पाडायला सांगितली होती.

"ता तेंचा आसा. तेंच्या बाईंनी मेहनत घेतलेली आसा. ता आपण कित्याक काढूचा?"

उलट त्यांनी आंद्रेयसाहेबांकडून तो रकाना वाचून घेतला आणि उच्चार देवनागरीत लिहिले. दुपारी उन्हाळ्याची कामबंदी असे तेव्हा हे दोघे सावलीच्या तंबूत करक, म्हणजे तिकडच्या दाट दुधाच्या चहाचे कागदी कप घेऊन बसत. साहेब सावकाश उच्चार करीत, परब लिहीत. 'मिळणं' म्हणजे दोबीती. 'होणं' म्हणजे पोस्ताती. 'घरी पोचणं' याच्यासमोर त्यांनी लिहिलं प्रीती दोमोव. साहेबांकडून तीन वेळा म्हणवून घेतलं आणि मग खुशीत माझ्या केबिनमध्ये आले.

"सायबानू, तेंच्यात घराक येणा म्हणजे प्रीती! बघा!" मग म्हणाले, "बरोबरच आसा म्हणा."

वहीत प्रत्येक वाक्याखाली ते वाक्य कुणाकडून मिळालं त्याचं नाव असे. हा त्यांचा नेम. क्रेनवाला राजू. बंगाली वेल्डर. एका पानावर 'सई मॅडम' असंही आहे. सई माझी मुलगी, तेव्हा दहा वर्षांची. परब एकदा आमच्याकडे जेवायला आले होते, येताना कॅम्पमधल्या कुंडीतली कोथिंबीर घेऊन. सईला मराठी समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. परब तिला म्हणाले, "बेबी, यू गेट स्कूल?" ती फिसकन हसली आणि म्हणाली, "अंकल, इट्स गो टू स्कूल. बट यू कॅन से, हाऊ डू यू गेट टू स्कूल." मी तिला डोळे वटारले. परबांनी तोपर्यंत वही काढली होती. "परत सांग गे बाय, हळू." लिहून घेतलं, खाली तिचं नाव टाकलं, 'मॅडम' लावून. ती पुढं कित्येक दिवस आरशासमोर स्वतःला सई मॅडम म्हणत होती.

शुक्रवारी सकाळी कॅम्पच्या मेसमध्ये परबांचा वर्ग भरायचा. नाश्त्याची भांडी उचलली, की सुरू. जुम्म्याच्या नमाजाला निघायची वेळ झाली, की बंद. पंचवीस-तीस जण यायचे. साताऱ्याचे, बीडचे, नेपाळी, बिहारी. फळा नव्हता. प्रत्येकानं आठवड्यात वापरलेलं एक गेटचं वाक्य आणायचं, एवढाच नियम. "किसको क्या गेट हुआ इस हफ्ते?" असं विचारून ते सुरुवात करीत. कुणी म्हणे, आय गेट फीवर. कुणी म्हणे, सर गेट अँग्री. एक जण लाजत उभा राहिला, म्हणाला, आय गेट मॅरेज नेक्स्ट मंथ, आणि ताटं वाजवून मेस दणाणली.

मी त्या वर्गाला तीन-चार वेळाच गेलो. एकदा बीडचा शिंदे म्हणून एक शटरिंग कारपेंटर होता, त्याची पाळी आली. त्याची आई चार दिवसांपूर्वी वारली होती. तो जाऊ शकला नव्हता. खोलीत एकटं बसवेना म्हणून वर्गाला आला असावा. तो उभा राहिला आणि नुसता उभाच राहिला. कुणीतरी मागून कुजबुजलं. परबांनी वही उघडली, एक पान काढलं, त्यावर बोट ठेवलं. मला वाटलं आता काहीतरी समजुतीचं वाक्य शिकवणार. त्यांनी ते पान वाचलं. मग वही मिटली.

"हय आसा एक," ते त्याला म्हणाले. "पण ता आज शिकवूचा नाय. बस, बाबा."

आणि त्यानंतर त्या दिवशी वर्ग झाला नाही. सगळ्यांनी मिळून शिंदेच्या घरी पाठवायचं सामान बांधलं. ते पान मी आता पाहिलं आहे. गेट ओव्हर, म्हणजे दुःखातून सावरणं, असा अर्थ तिथं आहे. परबांनी मराठीच्या रकान्यात लिहिलंय, 'वेळ लागता'.

आता त्यांच्या कामाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण माझा गुन्हा नेमका तिथंच आहे.

परब कुठलीही वस्तू उचलायच्या आधी सगळ्यांना गोल उभं करीत. काय उचलायचं, कुठून कुठं न्यायचं, कोण कुठं उभा राहणार, हे सगळे सुपरवायझर सांगतात. परब सांगत नसत. ते त्या गोलातल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात खालच्या हेल्परकडे बोट करीत. "तू सांग." त्यानं त्याच्या भाषेत सांगायचं. नेपाळीत, भोजपुरीत, बंगालीत, चालेल. हातवारे करून सांगितलं तरी चालेल. अडखळला, की परब स्वतः परत सांगत आणि परत त्यालाच विचारीत. तो सांगेपर्यंत क्रेन हलायची नाही. एकदा क्लायंटची माणसं उन्हात ताटकळत उभी होती, मी धावत गेलो, "परब, यल्ला, लवकर, साहेब लोक थांबलेत!"

"थांबांदेत. ज्येका सांगूक येणा नाय, तेका समाजला नाय. आणि ज्येका समाजला नाय तेच्या डोक्यार मी पाइप नाय फिरवूचंय."

त्यांच्या हाताखाली इतक्या वर्षांत एकाही माणसाला खरचटलं नव्हतं. माझा मेहुणा प्रशांत हे सगळं त्यांच्याच हाताखाली शिकला. डिप्लोमा करून माझ्या भरवशावर आला होता, ट्रेनी म्हणून. परबांनी त्याला दोन वर्षांत सुपरवायझर केलं. "प्रशांतशेट" म्हणायचे त्याला, चिडवायला.

मुऐदरचं काम संपत आलं. आंद्रेयसाहेबांचा करार संपला, ते मायदेशी गेले. पुढचं काम मदिनत अश शमालला होतं, छोटं, तीन वर्षांचं. तिथं लिफ्टिंग सुपरवायझर एकच हवा होता. आमच्याकडे दोन होते. परब आणि प्रशांत. शमालची तीन वर्षं झाली, की परब आपण होऊन साठीला घरी जाणार होते. तसं त्यांनी गावी सांगूनही ठेवलं होतं.

प्रशांतचं लग्न ठरलेलं होतं. मुलगा कतारला आहे, एवढ्यावर ते स्थळ जुळलं होतं. तो परत गेला असता तर मोडलं असतं, असं आमच्या घरात सगळ्यांना वाटत होतं. बायको मला काही म्हणाली नाही. तिनं एका सकाळी डबा भरताना फक्त विचारलं, "प्रशांतचं काय होईल हो?" मी म्हणालो, "बघू."

वेस्ट बेच्या हेड ऑफिसमधून फॉर्म आले. दोघांचं मूल्यमापन करून एकाची शिफारस करायची, आणि ते साइट कोऑर्डिनेटरनं करायचं. म्हणजे मी. सेफ्टीचा रकाना होता. तिथं परबांचं रेकॉर्ड सगळ्यांना ठाऊक. हजेरीचा होता, तिथं आकडे बोलतात. कामाच्या ज्ञानाचा होता. तिथं खोटं लिहिलं असतं तर साइटवरचं शेंबडं पोरसुद्धा हसलं असतं. चौथा रकाना संवादाचा होता. त्याला पुरावा लागत नव्हता. तिथं मी इंग्रजीत लिहिलं, की यांचं इंग्रजी क्लायंटशी बोलण्याइतकं पुरेसं नाही. प्रशांतच्या फॉर्मवर लिहिलं, उत्तम.

हे लिहायला मला किती वेळ लागला, मनाची किती घालमेल झाली, असं काही सांगता आलं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. मी ते लिहिलं, सही केली, मग चहा मागवला.

वयाचं कारण देता आलं असतं. 'एक जागा कमी आहे' एवढंही पुरलं असतं, पण मग हेड ऑफिसनं उलट विचारलं असतं, की दोघांत हाच का. मला प्रश्न नको होते.

दोन आठवड्यांनी परबांना वेस्ट बेला बोलावणं आलं. आणि मलाही. मला का, ते तिथं गेल्यावर कळलं. परबांना इंग्रजी येत नाही असं फॉर्मवर होतं; तेव्हा त्यांना समजावून सांगायला त्यांच्या भाषेतला माणूस हवा, असा त्या एचआरच्या मॅडमनी विचार केला होता. चांगली बाई होती. तिनं काळजीपोटी केलं.

एकोणिसाव्या मजल्यावरची काचेची खोली. परब इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, गुडघ्यांवर हात ठेवून खुर्चीच्या कडेला बसले. मॅडमनी फॉर्म समोर धरून सावकाश, स्वच्छ वाचलं. काम चांगलं, हजेरी चांगली, सेफ्टी उत्कृष्ट. मग ते वाक्य. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मिस्टर माने, प्लीज एक्स्प्लेन टू हिम इन युवर लँग्वेज."

परब आधीच मान हलवत होते. त्यांना कळलं होतं हे मला दिसत होतं, शब्दन् शब्द कळला होता. मला तेव्हा दोन गोष्टी करता आल्या असत्या. मॅडमना सांगता आलं असतं, की या माणसाला भाषांतराची गरज नाही. तेवढ्या एका वाक्यानं तो फॉर्म तिथंच खोटा ठरला असता. नाहीतर निदान गप्प बसता आलं असतं.

मी भाषांतर केलं. म्हणालो, "परब, तुमचं काम उत्तमच आहे. पण इंग्रजी पुरेसं नाही, असं म्हणतायत."

'म्हणतायत' म्हणालो मी.

"समाजला माका, सायबानू," ते हळू आवाजात म्हणाले. "मॅडम बोलली तेव्हाच समाजला." आणि तिच्याकडे वळून, "थँक यू, मॅडम." एवढंच. त्या सबंध भेटीत त्यांनी गेट एकदाही वापरलं नाही. मी वाट बघत होतो. त्यांनी वापरलं असतं, एखादं वाक्य फेकलं असतं, ती हसली असती, बोलणं वाढलं असतं, तर काहीतरी निसटलं असतं माझ्या हातून. ते मला हवं होतं, आणि भीतीही तीच होती.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. ती फार वेगानं उतरते, कानात दडे बसतात.

"माझा चुकला खंय?" परबांनी विचारलं.

मी आकड्यांकडे बघत राहिलो. सतरा. चौदा.

मग त्यांनीच शोधून काढलं. गेल्या महिन्यात क्लायंटचा एक इंजिनिअर आला होता, त्यानं विचारलं होतं काम कधी संपेल, परब म्हणाले होते, "इन्शाल्ला, गेट फिनिश टुमारो." तो हसला होता.

"त्याच दिवशी झाला ता," परब म्हणाले. "माका तेव्हाच वाटला होता, तो कायतरी वेगळा हसलो. त्यानंच कळवल्यान असतला. नाय?"

"असेल," मी त्यांच्याकडे वळून म्हणालो.

फॉर्मवरचं वाक्य घाईत, स्वार्थात लिहिलं गेलं असं मी स्वतःला समजावू शकतो. हा 'असेल' मात्र मी त्यांच्या तोंडाकडे बघून म्हटला.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी कॅम्पवर गेलो. का गेलो माहीत नाही. मेसमध्ये पोरं ताटं घेऊन बसली होती, आणि परब पुढं उभे नव्हते. मागच्या बाकावर, शिकायला आल्यासारखे बसले होते. शिंदे म्हणाला, "मास्तर, चला की. आज सुट्टी घेता काय?"

"माझा इंग्लिश पुरेसा नाय रे," परब म्हणाले. गंमतीनं नाही, आणि रडवेल्या आवाजातही नाही. वेळापत्रक सांगावं तसं. "मी चुकीचा शिकवलंय आसतलंय तर तुमचा नुकसान. पुढं खंय इंटरव्ह्यूक जाशात आणि अडाकशात."

"आमचं कुठं नुकसान झालंय मास्तर? फोरमन झालो की मी!"

"ता तुझ्या हुशारीन."

पोरांनी बरंच समजावलं. कुणी चिडवलं, कुणी ओढून पुढं न्यायला गेलं. मी दारात उभा होतो. तिथं आत जाऊन तीन शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. नाही बोललो. परब उठले, माझ्यापाशी आले, आणि जॅकेटच्या आतल्या खिशातून वही काढून माझ्या हातात दिली.

"तुमी बघा सायबानू. चुकीचा काय आसात ता खोडा. मगे पोरांका द्या."

ती वही अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी तिच्यातली एक ओळही खोडलेली नाही. खोडण्यासारखं काय आहे तिच्यात? पण पोरांनाही दिलेली नाही. कारण शेवटचं पान. तिथं परबांनी वेस्ट बेहून आल्यावर एक नोंद केली आहे, नेहमीच्या सुबक अक्षरात. डावीकडे इंग्रजी, 'नॉट अ‍ॅडिक्वेट'. मधला रकाना रिकामा. आंद्रेयसाहेब नव्हते ना. उजवीकडे, 'पुरेसा नाय'. आणि खाली, नेमाप्रमाणे, हे कुणाकडून मिळालं त्याचं नाव: माने साहेब.

त्यांनी भाषांतराबद्दलच लिहिलं आहे. परबांना ओळखणारा कुणीही सांगेल, त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. मी ते नाव अनेकदा वाचलं आहे.

प्रशांतचं लग्न झालं. त्याच्या बायकोला इथलं वातावरण मानवलं नाही, वर्षाच्या आत दोघं पुण्याला गेली. शमालच्या कामावर कंपनीनं दुसऱ्याच देशाचा माणूस आणला.

गणपतीला मी परबांना फोन करतो. आवाज खणखणीत आहे. कलमांचं सांगतात, गुडघ्याचं सांगतात, सई मॅडमची चौकशी करतात. गेल्या खेपेला मागं नातीचा आवाज येत होता. ती इंग्रजीच्या पुस्तकातलं काहीतरी विचारत होती. परब फोन बाजूला न धरताच तिला म्हणाले, "माका येणा नाय गो ता. बापाशीक इचार." आणि मग मला, हसत, "काय म्हणी होतास, सायबानू?"

मी परत कलमांचं विचारलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते विमानतळावर. सोडायला मी माझी गाडी नेली होती. एवढं तरी करावं म्हणून. बॅग दोरीनं बांधलेली, डोक्यावर हेल्मेट नसल्यानं नुसता पांढरा रुमाल. आत जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "तुमी खूप केलास माझ्यासाठी." मी कठड्याच्या अलीकडे थांबलो. रांग सरकत गेली. त्यांच्या पुढं एक नेपाळी कामगार होता, त्याचं काउंटरवर काही अडलं. असं काही दिसलं आणि परब मध्ये पडले नाहीत, असं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते त्याच्या मागं गप्प उभे राहिले. तो कसाबसा सुटला. मग यांची पाळी. काउंटरवरच्या मुलीनं काहीतरी विचारलं. बॅग तुम्हीच भरलीत का, असं काहीतरी साधं, दर वेळी विचारतात ते. परबांनी ओठ उघडले. मग मिटले. आणि मान वळवून, एवढ्या गर्दीतून मला शोधलं. तिचं म्हणणं त्यांना सांगायला.

मी लांब होतो. मी हात वर केला, म्हणजे काय ते मलाच माहीत नाही. ती मुलगी दुसऱ्यांदा विचारत होती.

परबांना मी एक गोष्ट देणं लागतो. त्यांच्या गावी जाऊन, त्यांच्या समोर बसून, वही परत हातात ठेवून सांगायचं आहे, की तो कागद मी लिहिला आणि त्यात लिहिलेलं खोटं होतं. ते मी अजून दिलेलं नाही.